गुणाजी सुताराची टकटक

एकदा काय झालं, एका राजाच्या घरी मुलगी जन्मली आणि सगळ्या राजवाड्याची झोप उडाली.

मुलगी गोड होती. नाक राणीचं, कान राजाचे. पण झोपेना. डोळा लागला की लगेच उघडायचा. उघडला की रडणं. मग दाया धावत यायच्या, सनईवाले यायचे, वैद्यबुवा काढा घेऊन यायचे. आणि सगळ्यांच्या पुढे राजा यायचा. पडदा बाजूला करायचा, मान आत घालायचा आणि विचारायचा, "झोपली का?"

ती नुकतीच झोपलेली असायची. ती उठायची.

आता या राजाची एक खोड होती, बरं का. त्याला दार आवडत नसे. आपली माणसं आपल्याला दिसली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं राजवाड्यातली आतली सगळी दारं काढून टाकली होती. नुसते पडदे. रेशमी, जरीचे, पण पडदेच. पडद्याला कडी नसते.

त्याच राज्यात, रानाच्या कडेला, गुणाजी सुतार राहायचा. म्हातारा, ताठ, कमी बोलणारा. त्याच्या हातचा पाट तीन पिढ्या हलत नसे, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. त्यालाही एक खोड होती. तो कशालाही हात लावण्याआधी तीनदा टकटक करायचा.

ही खोड लागली कुठून, ते ऐका. त्याच्या घराण्यात रीत होती. झाड तोडायचं तर आधी बुंध्यावर तीनदा टकटक करायचं. विचारायचं, "कोणी राहतं का?" मग मुळाशी मूठभर तांदूळ ठेवायचे आणि घरी यायचं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. तांदूळ खाल्लेले असले, तर झाडात बिऱ्हाड आहे. हात लावायचा नाही. तांदूळ तसेच असले, तर झाड रिकामं. मग कुऱ्हाड चालवायची. गुणाजीच्या आजानं असं केलं, बापानं केलं, गुणाजीनंही केलं. करता करता हाताला सवय लागली. मग तो वहाणेवर टकटक करू लागला, हंड्यावर करू लागला, स्वतःच्या घराच्या दारावरही करू लागला.

त्याची बायको भागू चिडायची. "अहो, भाकरीच्या टोपलीत कोण राहतं?"

"एकदा विंचू होता," गुणाजी म्हणायचा.

"एकदा. चाळीस वर्षांत."

"होता ना?"

मग भागू भाकऱ्या थापायला लागायची. खरंच होता.

एका टोपलीत मात्र रोज कोणीतरी असायचं. रंध्याजवळ ढलप्यांची टोपली होती. तिच्यात त्याची मांजर झोपायची. तिचं नावच ढलपी. रंगही तसाच, सागाच्या सालपटासारखा. गुणाजी टोपलीवर टक टक टक करायचा. ढलपी एक डोळा उघडायची, अंग चोरून घ्यायची आणि पुन्हा झोपायची. मग तो मूठभर ढलप्या चुलीसाठी उचलायचा. दोघं एवढंच करायची. पण रोज करायची.

तर एक दिवस राजाचा शिपाई गुणाजीच्या अंगणात आला. म्हणाला, "राजानं बोलावलंय. दोघांनाही."

गुणाजी निघाला, मागून भागू निघाली, तिच्या मागून शेपूट वर करून ढलपी निघाली.

राजा म्हणाला, "गुणाजी, राजज्योतिषी सांगतात, राजकन्येला सांधा नसलेला पाळणा हवा. एकाच खोडातून कोरलेला. मग ती झोपेल. खोड दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं जाड पाहिजे. करशील?"

"करीन."

"कधी?"

"झाड मिळालं की."

राजा रात्ररात्र जागा होता. जागरणानं माणूस संशयी होतो. तो म्हणाला, "मागचा सुतार असंच म्हणून गेला तो आलाच नाही. तुझं काहीतरी इथं ठेवून जा. जीव लागेल असं."

उत्तर भागूनं दिलं. "महाराज, मला ठेवलंत तर हे विसरून जातील. मांजर ठेवा."

सगळा दरबार हसला. गुणाजी नाही हसला. राजानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं की बाई बरोबर बोलली. त्यानं ढलपीला उचललं आणि चांदीच्या पिंजऱ्यात ठेवलं.

"पाळणा आण, मांजर ने. नाही आणलास, तर मांजर कायमची इथली."

ढलपीनं पिंजऱ्यात दोन गिरक्या घेतल्या आणि गुणाजीकडे पाहिलं. त्यानं पिंजऱ्यावर टक टक टक केलं आणि वळला. वाटभर भागूला वाटत राहिलं, उगाच बोलले.

मग गुणाजी रानात गेला. तेव्हा प्राण्यांना बोलता यायचं, बरं का. आणि माणसांना ऐकता यायचं.

पहिलं झाड शिवणीचं. सरळ, जाड, अगदी पाळण्याजोगं. गुणाजीनं टक टक टक केलं. "कोणी राहतं का?"

वरून शेपटीचा मोठा झुपका खाली आला. मग तांबूस तोंड आलं. शेकरू होतं.

"मी राहते, सुतारबाबा. वर घरटं आहे, घरट्यात पिल्लं आहेत. थांबा, एकेकाला उठवून दाखवते."

"नको. झोपू दे," गुणाजी म्हणाला. तांदूळ तिलाच दिले आणि पुढे गेला.

दुसरं झाड सागाचं. याच्या मुळाशी मोठी ढोली होती. टकटक केली, कोणी बोललं नाही. तांदूळ ठेवले, घरी आला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर दाणा शिल्लक नाही, आणि त्या जागी एक काळंपांढरं पीस उभं खोचलेलं. पीस कसलं, साळिंदराचा काटा होता तो. आतून जाड आवाज आला, "काका, तांदूळ चांगला होता. उद्या थोडा जास्त आणा."

"उद्या येणार नाही," गुणाजी म्हणाला. काटा पागोट्यात खोचला आणि पुढे गेला.

तिसरं झाड बेहड्याचं. काय झाड होतं ते. तीन माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा झाला नसता. गुणाजीनं बुंध्यावर टकटक केली आणि आवाजावरून ओळखलं की आत पोकळी आहे. म्हणजे पाळण्याचं अर्धं काम झाडानंच करून ठेवलेलं. तो मनात खूश झाला. त्यानं विचारलं, "कोणी राहतं का?"

कोणी बोललं नाही. वरच्या फांदीवर मोठ्या पिवळ्या चोचीचा एक पक्षी बसला होता. धनेश. त्यानं गुणाजीकडे पाहिलं. डोळे मोठे केले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. पण बोलला नाही.

"तुझं घर आहे का?"

धनेश जोरजोरानं पंख हलवू लागला. पण तोंडातून शब्द नाही.

मुका दिसतो, गुणाजीला वाटलं. त्यानं तांदूळ ठेवले आणि घरी आला. त्या संध्याकाळी ढलप्यांच्या टोपलीवर त्यानं सवयीनं टकटक केली. टोपली रिकामी होती.

सकाळी तो रानात गेला. तांदूळ जसेच्या तसे. एक दाणा हललेला नाही.

म्हणजे झाड रिकामं. आजाची रीत, बापाची रीत, सगळी पाळून झाली होती. गुणाजीनं पागोटं घट्ट केलं, कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव घातला. खळ्ळकन लाकडाची ढलपी उडाली.

आणि झाडानं उत्तर दिलं.

टक. टक. टक.

गुणाजी थांबला. आयुष्यभर त्यानं साऱ्या जगावर टकटक केली होती. त्याच्यावर कोणी उलट टकटक केली नव्हती. त्यानं वर पाहिलं. उंचावर खोडात भोक होतं. पण ते चिखलानं लिंपून टाकलेलं होतं, भिंत लिंपावी तसं. मधे फक्त एक उभी फट. आणि फटीतून चोचीचं टोक दिसत होतं.

"दादा," आतून आवाज आला, "मी आत आहे. पिल्लू आहे. पिल्लासाठी मी स्वतःला लिंपून घेतलंय. माझी पिसं झडलीत, मला उडता येत नाही. झाड पडलं तर आम्ही आतच."

"काल का नाही बोललीस?"

"काल डोळा लागला होता. पिल्लूही झोपलं होतं."

"आणि तांदूळ?"

"खाली कशी येऊ?"

बरोबर होतं. जी खाली येऊच शकत नाही, ती तांदूळ कुठून खाणार? आजानं विचार केला नव्हता. बापानं केला नव्हता. गुणाजीनंही केला नव्हता, आणि ते त्याला फार लागलं.

तेवढ्यात तो मोठा धनेश आला. फटीशी लटकला आणि गळ्यातून एकेक उंबर काढून आत देऊ लागला. एक दिलं, दोन दिली, सगळी दिली. मग गुणाजीकडे वळून म्हणाला, "काल मी तोंडात घास घेऊन आलो होतो. आईनं सांगितलंय, भरल्या तोंडानं बोलायचं नाही."

"तुझ्या आईनं आज तुझं घर पाडलं असतं," गुणाजी म्हणाला.

मग तो मुळाशी बसला. झाड तोडलं असतं तरी त्याला कोणी जाब विचारला नसता. तांदूळ तसेच आहेत, हे कोणीही येऊन पाहिलं असतं. झाड घेतलं की पाळणा, पाळणा दिला की ढलपी. नाही घेतलं की ढलपी कायमची गेली. दुसरं असं झाड रानात नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

तो बराच वेळ बसला. मग उठला, ओढ्याची ओली माती आणली आणि झाडावरचा घाव लिंपून टाकला. आतल्या पक्षिणीनं लिंपलं होतं तसंच. कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि घरी आला.

दारात भागू उभी होती. "मोकळेच आलात?"

"हं."

"आणि ढलपी?"

गुणाजीनं कुऱ्हाड भिंतीला टेकवली. भागूनं त्याच्या पागोट्यावरचा चिखल पुसला. म्हणाली, "चला. मीही येते. मीच तिला तिथं अडकवली."

दोघं दरबारात गेली. राजाचे डोळे गुंजेसारखे लाल होते.

"पाळणा?"

"नाही."

"झाड मिळालं नाही?"

"मिळालं. रिकामं नव्हतं."

"रिकामं नव्हतं म्हणजे काय?"

गुणाजीनं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, जे झालं तेवढंच. दरबारी हसू लागले. एक जण म्हणाला, "पक्षीण स्वतःला कोंडून घेते म्हणे. आणि हे झाडाला मलम लावून आले."

राजा हसला नाही. तो म्हणाला, "मग मांजर माझी."

"होय," गुणाजी म्हणाला. मान खाली घातली नाही. पण हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. राणी बोलत होती. कितीतरी दिवसांत ती दरबारात बोलली नव्हती. तिला तेवढी ताकदच नव्हती.

"सुतारदादा, पुन्हा सांगा. ती आतून लिंपून घेते?"

"होय, राणीसाहेब."

"आणि कोणी आत येत नाही? आत्या नाही, मावशी नाही, वैद्य नाही?"

"कोणी नाही. नवरा येतो. तोही बाहेरून घास देतो आणि जातो."

"तो विचारत नाही, झोपली का म्हणून?"

"त्याच्या तोंडात उंबर असतं."

राणी म्हणाली, "मला पाळणा नको. मला दार करून द्या. एक फट ठेवून."

राजा दचकला. "दार? माझ्या राजवाड्यात?"

"दार, महाराज."

"मग तुम्ही मला दिसणार कशा?"

"आम्ही जागलेल्याच दिसतो तुम्हाला. एकदा झोपलेल्या राहू द्या."

राजानं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग गुणाजीला म्हणाला, "कर."

घोड्यांच्या पागेमागे वादळात पडलेला फणस होता. गुणाजीनं त्याच्यावरही टकटक केली. एक पाल निघाली, मग तिची बहीण निघाली. त्यांनी भिंतीवर बस्तान हलवलं. मग त्यानं करवत लावली. फणसाचं पिवळंधमक दार झालं. आतून कडी, आणि हाताच्या उंचीवर वाटी जाईल एवढी फट. सकाळी दार बसलं. राणी मुलीला घेऊन आत गेली आणि आतून कडी लावली. राजवाड्यात कडीचा आवाज कोणी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"आता मांजर बघून घेतो एकदा," गुणाजी म्हणाला. "मग जातो."

शिपाई पिंजरा घेऊन आला. पिंजरा रिकामा होता. चांदीचा होता खरा, पण गज एकमेकांपासून लांब. मांजर ते बघतेच. मग पडदे झटकले, गाद्या उलटल्या, कोठीघर पाहिलं. ढलपी नाही. शेवटी एक दाई हळूच म्हणाली, "रोज पाळण्याच्या पायाशी येऊन बसते ती. आतच राहिली असेल."

गुणाजी दाराशी गेला. टक टक टक केलं. उत्तर नाही.

तो दाराबाहेर जमिनीवर बसला. भागू पागेजवळच्या झाडाखाली जाऊन आडवी झाली. म्हणाली, "तुम्ही बसा. तुम्हाला बसता येतं."

थोड्या वेळानं राजा आला. सवयीनं हात पुढे केला, मान पुढे केली आणि कपाळ दाराला आपटलं.

"महाराज, आधी टकटक," गुणाजी म्हणाला.

राजानं आयुष्यात पहिल्यांदा टकटक केली. टक टक टक. उत्तर नाही.

"आता?"

"आता परत जायचं."

"मी राजा आहे."

"दाराला ते माहीत नाही."

राजा परत गेला नाही. तो गुणाजीशेजारी बसला. दोघं दाराकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं राजानं विचारलं, "त्या मांजरीत एवढं काय आहे?"

"रंध्याजवळ असते."

"नुसती असते?"

"नुसती असते."

राजानं मान हलवली. "मलाही ही दोघं नुसती जवळ असली की पुरे. पण बघितल्याशिवाय राहवत नाही."

दुपारी दूधभात आला. राजा म्हणाला, "मी देतो." त्यानं वाटी फटीशी धरली. आतून राणीचा हात आला. आणि राजाच्या ओठांवर आलं, "झो..."

गुणाजीनं भागूच्या शिदोरीतला गुळाचा खडा उचलला आणि राजाच्या तोंडात कोंबला. पहारेकरी पुढे सरसावले. पण राजा कसा बोलणार? तोंड भरलेलं. डोळे मोठे करून तो तसाच उभा राहिला, अगदी फांदीवरच्या त्या धनेशासारखा. राणीनं वाटी घेतली. आत पुन्हा शांत झालं.

आणि त्या शांततेत राजवाडा झोपला, बरं का. दाया झोपल्या. सनईवाला सनईवर गाल ठेवून झोपला. दाराला टेकून राजाही घोरायला लागला. जागा फक्त गुणाजी.

दिवेलागणीला आतून आवाज आला. टक. टक. टक.

कडी निघाली. राणी बाहेर आली. तोंड टवटवीत. कडेवर राजकन्या, हातात खुळखुळा. तीच खुळखुळ्यानं दार वाजवत होती आणि हसत होती. पायांमधून ढलपी आली, लांब आळस दिला आणि थेट गुणाजीच्या मांडीवर जाऊन बसली.

राजा डोळे चोळत उठला. त्यानं मांजरीकडे पाहिलं. म्हणाला, "मुलगी हिच्यामुळेच तर झोपली नसेल?"

गुणाजीचा हात ढलपीच्या पाठीवर थांबला.

राणी म्हणाली, "तीही दारामुळे झोपली आणि आम्हीही दारामुळेच. ज्याची त्याला द्या, महाराज."

राजानं मुलीला घेतलं, तिच्या टाळूचा वास घेतला आणि म्हणाला, "ने गुणाजी. घरी ने."

गुणाजीनं हात जोडले. परतीच्या वाटेवर त्यानं मांजर स्वतः उचलून घेतली, पागोट्यात गुंडाळून. भागूनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

राजानं दवंडी पिटवली. कोणी झाडाला कुऱ्हाड लावायची, तर तांदूळ ठेवून भागणार नाही. वर बघायचं, थांबायचं. आतलं झोपलेलं असेल तर उठेपर्यंत थांबायचं. आणि बेहड्याचं ते झाड कोणाचंच नाही, त्यात राहतात त्यांचं.

पावसाळ्याच्या तोंडावर चिखलाची भिंत फुटली. आधी आई निघाली, मग पिल्लू निघालं. तिघं राजवाड्यावरून उडत गेली. पंखांचा आवाज लोहाराच्या भात्यासारखा. जाता जाता त्यांनी उंबराच्या बिया टाकल्या. जिथं बी पडलं तिथं झाड झालं, आणि रान राजवाड्याच्या भिंतीपर्यंत आलं. ढलपीला तीन पिल्लं झाली. त्यांतलं एक राजकन्येकडे गेलं, टोपलीसकट.

गुणाजी टकटक करत राहिला. भागू चिडत राहिली. राजा दाराबाहेर थांबायला शिकला, आणि सगळे पोटभर जेवून गाढ झोपू लागले.

झाली गोष्ट. आता दार लोटलं जाईल. आत कोणी बोलायचं नाही, बाहेरून कोणी विचारायचं नाही. सकाळी तीनदा टकटक होईल, तेव्हाच डोळे उघडायचे. निजा.